एकट्यालाच दिसणारी पाटी

रस्त्यावरच्या पाटीला मालक असतो. ती किती उंचीवर लावायची, तिचा रंग कोणता, अक्षर केवढे, वळणाच्या किती आधी ती दिसायला हवी, हे सारे इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ६७’ या संहितेत बारकाईने लिहून ठेवले आहे. पाटी झाडाआड गेली किंवा चुकीच्या फाट्यावर उभी राहिली तर निदान बांधकाम खात्याच्या नावाने खडे फोडता येतात. गेल्या पाच-सहा वर्षांत मात्र एक वेगळीच पाटी निघाली आहे. ती खांबावर नसते. गाडीच्या पुढच्या काचेपलीकडे तरंगते. वळण जवळ आले की डांबरावर निळा बाण अंथरल्यासारखा दिसतो, तोही फक्त गाडी चालवणाऱ्याला. शेजारच्या गाडीला तर नाहीच, पण मागच्या सीटवरच्या प्रवाशालाही त्याचा पत्ता नसतो. ऑगमेंटेड रिअॅलिटी हेड-अप डिस्प्ले हे तिचे भारदस्त नाव. इथे तिला साधेपणाने ‘काचेवरचा बाण’ म्हणू. हा बाण आजवर पडदा म्हणून जोखला गेला: किती इंची, किती तेजस्वी, किती रंगांचा. पण तो पडदा नव्हे. ‘मी रस्त्यावर आहे’ असा दावा करणारी कोणतीही खूण ही पाटीच असते, आणि तिला पाटीचीच शिस्त लावायला हवी.

या बाणाचा वंश लढाऊ विमानांतला. दुसऱ्या महायुद्धातल्या नेम धरण्याच्या परावर्तक काचांपासून निघालेली ही कल्पना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलाच्या बुकॅनियर विमानात पुरत्या स्वरूपात आली. मोटारीत ती उतरली १९८८ मध्ये. त्या वर्षी जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिल कटलास सुप्रीमच्या काचेवर वेगाचा आकडा उमटवला; जपानमध्ये निसाननेही त्याच सुमारास तसे केले. पुढची बरीच वर्षे काचेवर आकडे आणि चिन्हेच होती. त्यांना बाहेरच्या रस्त्याशी देणेघेणे नव्हते. डॅशबोर्डवरचा एक तुकडा उचलून वर ठेवला, इतकेच. खरा फरक पडला तो चित्र रस्त्याला चिकटवायचे ठरले तेव्हा. २०१२ मध्ये पायोनियरने जपानी बाजारात सन-व्हायझरच्या जागी बसवायचे लेझर यंत्र आणले, आणि २०२० नंतर मर्सिडीजची एस-क्लास, फोक्सवॅगनच्या आयडी मालिकेतल्या विजेच्या गाड्या, ऑडी क्यू४ ई-ट्रॉन, ह्युंदाई आयोनिक ५ यांनी काचेवरचा बाण कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. भारतात २०२२ च्या बलेनोने मध्यमवर्गीय गाडीत हेड-अप डिस्प्ले आणला, पण तो डॅशबोर्डवरच्या छोट्या पारदर्शक पट्टीवरचा, म्हणजे जुन्या जातीचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्राने बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या विजेच्या गाड्या सादर केल्या. चाकणला तयार होणाऱ्या या गाड्यांच्या वरच्या श्रेणीत ‘व्हिजनएक्स’ नावाने नव्या जातीचा डिस्प्ले आहे. प्रश्न आता परदेशी मासिकांतल्या छायाचित्रांचा राहिलेला नाही.

हे यंत्र कसे चालते ते थोडे समजून घ्यायला हवे, कारण पुढचा वाद तिथेच अडकलेला आहे. चित्र काचेवर नसतेच. डॅशबोर्डच्या पोटात एक लहानसा प्रकाशित पडदा किंवा सूक्ष्म आरशांची चकती असते. तिथून निघालेला प्रकाश वक्र आरशांवरून काचेवर आदळतो आणि काच त्याला डोळ्याकडे परतवते. डोळ्याला वाटते की चित्र काचेपलीकडे आहे. जुन्या प्रकारात ते दोन-अडीच मीटरवर, म्हणजे बॉनेटच्या टोकाशी तरंगे. एस-क्लासमध्ये ते सुमारे १० मीटरवर नेले आहे. काचेला दोन पृष्ठभाग असल्याने साध्या काचेत चित्र दुहेरी दिसते. म्हणून दोन काचांमधला प्लास्टिकचा थर वर जाड, खाली पातळ असा पाचरीसारखा करावा लागतो. (दगड लागून ती काच फुटली आणि गॅरेजवाल्याने साधी काच बसवून दिली, की बाणाचे जुळे भाऊ दिसू लागतात.) चित्र जितके दूर आणि मोठे करावे तितकी आतली पेटी फुगते, आणि हेच आरसे उलट्या वाटेने ऊन गोळा करून आतल्या पडद्यावर ओततात. ध्रुवीकृत गॉगल घातला तर बाण फिका पडतो, कधी दिसतही नाही. एवढा खटाटोप करून मिळते ते साधारण १० अंश रुंद आणि ५ अंश उंच चित्र. जाहिरातीत याला ७७ इंची पडदा म्हणतात. हिशोब खोटा नाही: १० मीटरवर १० अंश म्हणजे पावणेदोन मीटर रुंदी. पण आपल्याकडे मार्गिकेची प्रमाण रुंदी साडेतीन मीटर आहे. म्हणजे हा ‘भव्य’ पडदा २० मीटरवर जेमतेम एक मार्गिका झाकतो, आणि डावी-उजवीकडे फुटणारा काटकोनातला रस्ता तर त्याच्या चौकटीबाहेरच राहतो. ज्या वळणासाठी बाण हवा ते वळण पडद्यात मावत नाही. जाहिरातीत अख्ख्या चौकावर पसरलेला बाण दिसतो तो चित्रकाराने काढलेला असतो.

तरीही या यंत्राच्या बाजूचा युक्तिवाद पोकळ नाही. नकाशा बघण्यासाठी नजर रस्त्यावरून खाली जाणे, हेच मुळात धोक्याचे. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी शंभर गाड्यांत कॅमेरे लावून वर्षभर लोकांचे रोजचे वाहन चालवणे टिपले. त्यातून निघाले की दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ नजर रस्त्यावरून हटली की अपघाताचा किंवा थोडक्यात टळलेल्या अपघाताचा धोका जवळपास दुप्पट होतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने २०१३ मध्ये सुचवलेली दोन सेकंदांची मर्यादा याच धर्तीची आहे. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने दोन सेकंदांत गाडी ६७ मीटर पुढे जाते. त्यात आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. चाळिशी ओलांडलेल्या डोळ्याला हातभर अंतरावरचा मोबाइल स्पष्ट दिसायला वेळ लागतो किंवा चष्मा लागतो. १० मीटरवरचे चित्र त्याला रस्त्याइतकेच सहज दिसते. कार्नेगी मेलन विद्यापीठात सुंगजुन किम आणि अनिंद डे यांनी २००९ मध्ये ज्येष्ठ चालकांसाठी काचेवरून रस्त्यात मिसळणारा नकाशा सिम्युलेटरवर तपासला, तेव्हा नकाशा आणि रस्ता यांत लक्ष विभागले जाण्याची अडचण कमी झाल्याचे दिसले. व्हेंटच्या जाळीत खोचलेला किंवा मांडीवर ठेवलेला मोबाइल हा ज्या देशातला सर्रास दिसणारा मार्गदर्शक आहे, तिथे या फायद्याला नाक मुरडणे शहाणपणाचे नाही.

पण नजर समोर असणे आणि लक्ष समोर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नासाच्या एम्स संशोधन केंद्राशी संबंधित एडिथ फिशर, रिचर्ड हेन्स आणि टोनी प्राइस यांनी १९८० मध्ये अनुभवी वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये धुक्यात विमान उतरवायला लावले. काहींपुढे हेड-अप डिस्प्ले होता. शेवटच्या फेऱ्यांत धावपट्टीवर अचानक दुसरे विमान आडवे आणले गेले. डिस्प्लेतून पाहणाऱ्यांपैकी काहींना ते दिसलेच नाही; आकडे आणि विमान नजरेच्या एकाच रेषेत असूनही ते थेट त्याच्यावर उतरत गेले. डोळ्यासमोर असलेली वस्तू मनापर्यंत पोचली नाही. टोरांटो विद्यापीठात इयन स्पेन्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हीच गोष्ट साध्या चाचण्यांनी दाखवली: नजरेच्या त्याच टापूत दोन कामे दिली की दोन्ही एकमेकांच्या पायात पाय घालतात, आणि अनपेक्षित आलेली वस्तू निसटण्याची शक्यता कामाच्या ओझ्याबरोबर वाढते. म्हणजे नकाशा खाली असताना निदान नजर हटल्याची जाणीव तरी असते. काचेवर तो आला की आपण रस्ताच पाहतो आहोत, अशी समजूत होते. ही समजूत यंत्राच्या खऱ्या फायद्यातूनच जन्मते, म्हणून ती घालवणे अवघड.

यावर नेहमीचे उत्तर येते: वैमानिक तर साठ वर्षे हेच वापरत आहेत, आणि आज अनेक प्रवासी विमानांतही तो असतो. खरे आहे. पण वैमानिकाला या यंत्रावर वेगळे प्रशिक्षण मिळते, शेजारी सहवैमानिक बसतो, विमानाची स्थिती अतिशय अचूक जडत्वमापकांतून येते, आणि आभाळात रिक्षा आडवी येत नाही. वैमानिकाच्या बाणाखाली क्षितिज असते. मोटारीच्या बाणाखाली माणसे असतात. २०२२ मध्ये भारतातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ जण मेले, त्यांतले ३२,८२५ पायी चालणारे होते आणि ७४,८९७ दुचाकीवरचे. म्हणजे मृतांपैकी निम्म्याहून कितीतरी जास्त लोक अशा देहांनी रस्त्यावर होते, ज्यांच्याभोवती पत्रा नाही. १० अंशांच्या निळ्या बाणाने झाकला जाण्यासाठी सर्वांत सोयीचा आकार त्यांचाच.

आता बाणाच्या नेमाकडे वळू, कारण पाटी आणि पडदा यांतला भेद इथे उघडा पडतो. चालकाचा डोळा जमिनीपासून सुमारे १.२ मीटरवर असतो. तिथून ५० मीटर पुढचा रस्त्याचा बिंदू क्षितिजाच्या केवळ १.४ अंश खाली दिसतो. ३० मीटरचा बिंदू २.३ अंश खाली. पन्नास आणि तीस मीटर यांतला सगळा भेद एका अंशापेक्षाही कमी! ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक एक अंश खाली वाकले आणि यंत्राने ते वेळेत सावरले नाही, तर ५० मीटरच्या गल्लीसाठी काढलेला बाण २९ मीटरवर, म्हणजे आधीच्या गल्लीवर टेकतो. उलट, पुढची चाके दहा सेंटिमीटरच्या गतिरोधकावर चढली की नाक ढोबळमानाने दोन अंश वर जाते आणि बाण रस्ता सोडून क्षितिजाच्या वर, आभाळात लटकतो. आपल्याकडे गतिरोधक मोजून घातलेले नसतात, हे वेगळे सांगायला नको. गाडीतले संवेदक ही हालचाल भरून काढतात, पण मोजणे, गणित करणे आणि चित्र काढणे याला वेळ लागतो. गाडी सेकंदाला २० अंशांनी वळत असताना एक दशांश सेकंदाची दिरंगाई झाली तर दोन अंशांची चूक होते, आणि ३० मीटरवर दोन अंश म्हणजे एक मीटर. त्यात उपग्रहाची चूक मिळवा. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. उंच इमारतींत ते आणखी भरकटते. मार्गिका साडेतीन मीटरची, चूक पाचची. गाडीतली यंत्रणा कॅमेरा आणि चाकांच्या मोजमापांची जोड देऊन यात खूप सुधारणा करते, पण त्या कॅमेऱ्याला रंगवलेले पट्टे लागतात, आणि पट्टे पुसट झालेले रस्ते आपल्याकडे किती आहेत ते वाचकाला माहीत आहे.

मोबाइलवरच्या नकाशातही या चुका असतातच की, असे कुणी म्हणेल. असतात. मुंबईत उड्डाणपूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकमेकांवर बसलेले असल्याने वर चढायचे की खालून जायचे हे कळेना, म्हणून तर गुगलने २०२४ मध्ये भारतातल्या ४० शहरांसाठी उड्डाणपुलाची वेगळी सूचना आणली. पण नकाशा चुकतो तेव्हा तो नकाशा म्हणून चुकतो. चालक मान वर करतो, समोरचा रस्ता पाहतो आणि दोहोंचा मेळ स्वतः घालतो; त्या मेळात शंकेला जागा असते. काचेवरचा बाण ही पायरीच काढून टाकतो, आणि त्याची सगळी ऐट तिथेच आहे. बाण रस्त्याला जितका घट्ट चिकटतो तितकी शंका कमी होते, आणि चूक झाली तर ती रस्त्यानेच सांगितल्यासारखी वाटते. नोव्हेंबर २०२४ मध्ये बरेलीजवळ रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली पडून तिघे गेले. ते मोबाइलवरच्या मार्गदर्शनाने चालले होते, असे समोर आले. पुलाच्या तोंडाशी अडथळा नव्हता, म्हणजे मूळ दोष रस्त्याच्या मालकाचा. तरी त्या जागी नदीवर अंथरलेला निळा गालिचा कल्पून पाहावा. ‘अचूकता वाढेल तशी ही अडचण सुटेल’ हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. दहांपैकी चार वेळा चुकणाऱ्या बाणावर कुणी विश्वास ठेवत नाही. हजारात एकदा चुकणाऱ्यावर सगळे ठेवतात, आणि त्या एका वेळी कुणी सावध नसते.

मग बाण काढूच नये का? तसेही नाही. आयोवा विद्यापीठात मार्क शॉल, मिशेल रश आणि सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ज्येष्ठ चालकांवर प्रयोग केले. रस्त्याकडेच्या धोक्यांभोवती हलकी चौकट उमटवली, तर पादचारी आणि सूचनाफलक त्यांना अधिक चांगले दिसले. दुसऱ्या वाहनांच्या बाबतीत मात्र फरक पडला नाही. जे सहज निसटते तिथे खूण उपयोगी, जे आपोआप दिसते तिथे ती नुसती रंगरंगोटी. याला जोडून मिशेल येह आणि ख्रिस्तोफर विकेन्स यांचे १९९९ चे सैन्यविषयक काम वाचायला हवे. शिरस्त्राणातल्या पडद्यावर लक्ष्याकडे बाण दाखवला की ते लक्ष्य लवकर सापडले, पण त्याच वेळी समोर असलेले, बाण नसलेले आणि त्याहून महत्त्वाचे लक्ष्य निसटू लागले. हे मोटारीत आणले तर अर्थ असा निघतो: यंत्र ज्या पादचाऱ्याभोवती चौकट काढेल तो वाचेल, ज्याच्याभोवती काढणार नाही त्याचा धोका वाढेल. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई, हातगाडी, रस्त्यात बसलेली गाय: कॅमेऱ्याला शिकवताना यांतले काय दाखवले होते, यावर कुणाचे लक्ष वेधले जाईल ते ठरणार. खूण काढण्याचा निर्णय म्हणजे खूण न काढण्याचाही निर्णय असतो.

इथे पाटीची जुनी शिस्त कामाला येते. १९६८ च्या व्हिएन्ना करारापासून जगाने मान्य केले की रस्त्यावरच्या खुणा सगळ्यांसाठी सारख्या असाव्यात. पाटी आकर्षक करण्याची चढाओढ नसते, आणि पाट्यांची गर्दी झाली की एकही वाचली जात नाही, हे रस्ता बांधणाऱ्यांना कधीचे ठाऊक आहे. काचेवरच्या बाणाला यातले काहीही लागू नाही. एका कंपनीचे तीन बाण लाटेसारखे धावतात, दुसरीची चौकट पुढच्या गाडीखाली तबकडी ठेवते. भाड्याची गाडी घेतली की नवी लिपी. आपला कायदा तर या बाबतीत गमतीदार अवस्थेत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० सांगतो की पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवून काळ्या फिल्म उतरवायला लावल्या. काचेने बाहेरचा प्रकाश किती अडवावा यावर आपण इतके काटेकोर आहोत, पण काचेवरून डोळ्यात किती प्रकाश टाकावा, कुठे आणि किती वेळ, याबद्दल तो नियम गप्प आहे. आरशाला टांगलेली लिंबू-मिरची, काचेवरचे ‘आईचा आशीर्वाद’, डॅशबोर्डवरचा गणपती यांनी नजर अडते, असे पोलीस अधूनमधून बजावतात. त्याच नजरेत पावणेदोन मीटरचा चलतपट चालला तर तो ‘प्रीमियम फीचर’ ठरतो.

नियम आत्ताच घातले तर शोध खुंटेल, हा आक्षेप उद्योगाकडून येईल. पण युरोपातल्या गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपने टचस्क्रीनच्या अतिरेकावर बंदी न घालताच उपाय काढला: २०२६ पासून पूर्ण गुण हवे असतील तर इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या कामांना खरी बटणे द्या. भारत एनकॅप २०२३ पासून सुरू आहेच. काचेवरच्या बाणासाठी अशा तीन-चार अटी घालणे अवघड नाही. वळणाच्या आधी ठरावीक अंतरावर बाण यावा आणि वळण संपताच जावा. सरळ रस्त्यावर काच कोरी राहावी. माणसाच्या आकारावर बाण पडत असेल तर तो विझावा. यंत्राला स्वतःच्या जागेची खात्री नसेल तर त्याने रस्त्याला चिकटण्याचा आव न आणता साधा, कोपऱ्यातला बाण दाखवावा. बाजार आपणहून हे करणार नाही, कारण कोरी काच शोरूममध्ये विकली जात नाही. गाडी विकत घेणाऱ्याला दहा मिनिटांच्या फेरीत जे दिसते त्यासाठी तो पैसे मोजतो, आणि त्या दहा मिनिटांत जितके जास्त चमकेल तितके बरे.

सर्वांत कठीण कसोटी मात्र आपल्या दारातच आहे. जुलै-ऑगस्टमध्ये बोरघाटात ढग रस्त्यावर उतरतात आणि पुढच्या ट्रकचा लाल दिवा दहा-पंधरा मीटरवर येईतो दिसत नाही. काचेवरच्या बाणाची खरी ओढ अशा वेळी लागते: पुढचे वळण कुठे आहे ते कुणीतरी दाखवावे. कॅडिलॅकने २००० साली डेव्हिल या गाडीत उष्णतेवरून अंधारातली माणसे, जनावरे ओळखणारा कॅमेरा काचेवर जोडला होता, तो अशाच गरजेपोटी. काही वर्षांत तो पर्याय मागे घेतला गेला. आजच्या बहुतेक यंत्रणा रस्त्याचे पट्टे ओळखायला साध्या कॅमेऱ्यावर विसंबतात, आणि धुक्यात तो कॅमेरा माणसाइतकाच आंधळा होतो. रडारला पुढचा ट्रक कळतो, पट्टा कळत नाही. उरतो तो साठवलेला नकाशा आणि दरीच्या कडेला डोंगरावरून परतून येणारे उपग्रहाचे संदेश. म्हणजे पुरावा सगळ्यांत तुटपुंजा असतो तेव्हाच बाण सगळ्यांत ठळक दिसतो, कारण त्याच्यामागे पांढऱ्या धुक्याखेरीज काही नसते. घाटातल्या कठड्यावर रंगवलेला काळा-पिवळा पट्टा तिथे दहा मीटरवरून दिसतो आणि त्याच्या अलीकडे रस्ता असतो, याची हमी तो रंगवणाऱ्याने जागेवर उभे राहून दिलेली असते.